फुकट बसलेला डबा

सावकाश सांगतो, ऐका. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत दोन नेटवर्क स्विच, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे डबे, होते. साठवलेले एक्स-रे डॉक्टरांपर्यंत पहिल्यातून जायचे. तो बंद पडलाच, तर दुसरा आपोआप काम उचलायचा.

दवाखान्याचे नवे व्यवस्थापक साबडे साहेब आत येऊन ती खोली सांभाळणाऱ्या बाईंवर गरजले, "वैजयंताबाई, यातला एक डबा फुकट बसलाय म्हणे! आत्ता काढा, नाहीतर उद्यापासून तुम्हीही येऊ नका."

"कुठला काढू, साहेब?"

"हा काय!" साहेबांनी बोट रोखलं. "एकही दिवा लागत नाही याचा."

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हा तर कामाचा. सकाळीच बंद पडला, बदली मागवलाय. तेव्हापासून सगळे एक्स-रे त्या फुकट्यानंच पोचवलेत. काढू त्याला?"

साहेबांचं बोट हळूच खिशात गेलं. म्हणाले, "राहू द्या दोन्ही."