बाभळीचा डिंक

माणसाने अजून कुऱ्हाड घडवली नव्हती, त्या काळची गोष्ट. भुरी हरिणीला ताप जडला. साळिंदर वैदीण तिला कडू साल चारी. पण सालीचा सगळा अर्क एकदम अंगात भिने; खाल्ल्याबरोबर भुरीला भोवळ येई, आणि अर्क सरला की सांजेपर्यंत ताप पुन्हा चढे. वैदीण हवालदिल झाली.

“औषध माझ्या डिंकात घोळव,” बाभूळ म्हणाली. “त्याची वीण घट्ट आहे. पोटातलं पाणी एकेक टाका उसवेल, तसतसं औषध थोडंथोडं सुटेल.”

वैदिणीने तशी गोळी दिली. दुपारपर्यंत ताप हलेना. दुसरी गोळी द्यायला तिचे हात शिवशिवले, पण तिने दम धरला. हळूहळू ताप उतरला, भोवळही आली नाही. तिसऱ्या दिवशी भुरी चरू लागली.

“तुझा डिंक मात्र विरून गेला गं,” वैदीण म्हणाली.

“विरायलाच दिला होता,” बाभूळ समाधानाने सळसळली.