एफीचा निखारा

फार फार वर्षांपूर्वी, स्कॉटलंडच्या डोंगरांत अजून रस्ते झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. तिथे समुद्र डोंगरांच्या कुशीत आतवर शिरतो. त्या पाण्याला लॉख म्हणतात. अशाच एका लॉखच्या काठी, आर्डव्हेन गावात, एफी नावाची नावाडीण राहायची. बाई तोंडाची फटकळ. पण ती नावेत बसली की लाटासुद्धा गप्प व्हायच्या, असं म्हणतात.

त्या गावात चुलीतली आग कधी विझू देत नसत. आजीची आग आईकडे यायची, आईची लेकीकडे. आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी तर घरातली आग कुणाला द्यायचीच नाही. दिली, तर घराचं नशीब तिच्यामागोमाग निघून जातं, अशी सगळ्यांची समजूत.

एका वर्षी नेमका तोच दिवस होता. एफीचा एकुलता एक मुलगा टॉरकिल मासे धरायला गेला होता, तो धुक्यात हरवला. सगळं पाणी पांढरं झालेलं, काही म्हणता काही दिसेना. एफी आपली चुलीपाशी बसून आग राखत होती. दुसरं करणार तरी काय बिचारी!

तेवढ्यात दार वाजलं. पलीकडच्या काठावरचा मेंढपाळ ह्यू लॉखला वळसा घालून आला होता. धुराड्यातून बर्फ कोसळून त्याची चूल विझली होती, आणि घरात कालच जन्मलेली मुलगी होती. गावात कुणीही त्याला आग दिली नव्हती.

"तुझा मुलगा पाण्यावर आहे, ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "तरी मागतोय."

एफी त्याच्यावर खूप ओरडली. मग रडली. मग तिने लोखंडी भांड्यात निखारे भरले.

"चल, बस नावेत. पोर गारठेल."

नाव धुक्यात शिरली आणि निखारे आपोआप फुलू लागले. फुलता फुलता सगळं धुकं गुलाबी झालं. समुद्रातले सील प्राणीसुद्धा नावेच्या दोन्ही बाजूंनी पोहत आले, असं म्हणतात. पलीकडे ह्यूची चूल पेटली, पोर रडायची थांबली. एफी रिकामं भांडं घेऊन काठावर आली, तर तिच्या नावेशेजारी दुसरी नाव.

"आई," टॉरकिल म्हणाला, "तो लाल उजेड कुणाचा होता गं? त्याच्यामागेच आलो मी."

एफीच्या घराला आता छप्पर नाही. भिंती तेवढ्या गावाने जपल्यात. पर्यटक येतात, फोटो काढतात. पण वर्षाच्या पहिल्या दिवशी आर्डव्हेनची माणसं अजूनही आपापल्या घरातला निखारा शेजाऱ्याला नेऊन देतात. एखादा पाहुणा विचारतोच, "अहो, घराचं नशीब निघून गेलं तर?"

"जाऊ दे की," म्हातारी माणसं म्हणतात. "कुणाला तरी आणायला गेलं असेल."