सांभाळ्या आणि दसऱ्याचं लिंबू

गाड्यांना बोलता यायचं, त्या काळची गोष्ट. एका लाल स्पोर्ट्स कारच्या पोटात एक छोटं यंत्र राहायचं. चाक घसरलं की ब्रेक लावून गाडी सरळ ठेवायची, हे त्याचं काम. गाडी त्याला सांभाळ्या म्हणायची.

सांभाळ्या फार घाबरट होता. वळणावर गाडी जरा रंगात आली की तो तिचा जोरच काढून घ्यायचा. वर म्हणायचा, "अगं, घसरशील."

दसऱ्याला मालकीण रेवतीताईंनी गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि गाडी सुरू केली. लिंबू चिरडलं, चाक केसभर सरकलं आणि सांभाळ्याने गाडी जागच्या जागी थांबवली. सगळी गल्ली हसली.

"अरे, लिंबू आहे ते," गाडी म्हणाली.

"घसरलं म्हणजे घसरलं," सांभाळ्या म्हणाला.

ताईंनी वैतागून त्याचं बटणच बंद केलं.

त्याच दुपारी घाटातल्या एका वळणावर वाळू सांडलेली होती. गाडीची मागची बाजू गर्रकन फिरली. तिने सांभाळ्याला हाक मारली, पण तो बंद होता. कठड्याला घासत ती कशीबशी थांबली. ताईंनी लगेच बटण चालू केलं. सांभाळ्याने खरचटलेला दरवाजा पाहिला आणि त्या दिवसापासून चाक कशावरून घसरलं, हे तो आधी नीट पारखू लागला.

पुढच्या दसऱ्याला लिंबं फुटली, चाक सरकलं, तरी गाडी ऐटीत पुढे निघाली.

"झोपलास की काय?" तिने घाबरून विचारलं.

"जागा आहे," सांभाळ्या म्हणाला. "लिंबू होतं ते."