चिकटपट्टीखालची नावं

“तिला सांगितलंस?”

“कुणाला, मॅडम?”

“जिची ही स्लाइड आहे, तिला.”

सारंग वझरकर गोंधळला. आमच्या पॅथॉलॉजी विभागात एवढा हुशार पोरगा दुसरा नव्हता, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. आज तर स्वारी भलतीच खुशीत होती. ज्यांच्या हाताखाली शिकला त्या धारूरकर मॅडमना मायक्रोस्कोपपाशी बसवून आपल्या अभ्यासाची टिमकी वाजवायला आली होती. मी शेजारच्याच टेबलावर होते. कान अर्थातच तिकडे.

“मॅडम, तुम्ही रंग तर बघा!”

रंग खरंच गडद होता. गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी विषाणूच्या तावडीत सापडल्या, की त्यांच्यात एक प्रथिन साचत जातं. नेहमीच्या तपासणीत ते दिसत नाही. सारंग वापरायचा त्या रसायनानं ते तपकिरी होऊन वर येतं. ही स्लाइड इकडून तिकडे तपकिरी होती.

“चार वर्षांपूर्वी तपासायला काढलेला तुकडा आहे हा. साध्या तपासणीत रिपोर्ट काय गेला? किरकोळ बदल, वर्षानं दाखवा. पण मी तेव्हाच सांगितलं होतं, हिला कॅन्सर होणार. गेल्या महिन्यात तिचा नवा तुकडा आला. पसरलेला कॅन्सर! भाकीत तंतोतंत खरं ठरलं, मॅडम.”

“तेव्हाच सांगितलं होतंस? कुणाला?”

“म्हणजे... अभ्यासात लिहून ठेवलं होतं.”

“तिला का नाही?”

“नाव कुठं माहीत होतं मला?” तो हसला. “नाव झाकूनच बघायचं असतं ना. तुम्हीच शिकवलंत, बाई कोण हे कळलं की डोळा फसतो.”

ते खरं होतं. आमच्याकडे स्लाइडच्या टोकाला पेन्सिलीनं नाव लिहितात. सारंगनं त्यावर कागदी चिकटपट्टी लावून नुसते आकडे घातले होते. कुठला आकडा कुणाचा ही यादी ऑफिसात; जिला कॅन्सर झाल्याचं तिथून कळेल तिचीच पट्टी काढायची, असा अभ्यासाचा नियम. संशोधन समितीनं मंजूर केलेला. बाकीच्यांची नावं अभ्यास संपल्यावर.

मॅडमनी मायक्रोस्कोप बाजूला सारला.

“नाव काय तिचं?”

“लंकाबाई सुरवसे.”

“चल.”

“कुठं?”

“तिला सांगू या. तुझं भाकीत खरं ठरलं म्हणून.”

त्याला ती थट्टा वाटली. पण मॅडम दाराबाहेर पडल्याही होत्या. मीही उठले. राहवलंच नाही.

लंकाबाई रेडिएशनच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर जेवणाचा डबा. चाळिशीची असेल, पण अंगात काही उरलं नव्हतं.

“तुमचा तुकडा हेच डॉक्टर तपासतात,” मॅडम म्हणाल्या.

तिनं बसल्याबसल्याच हात जोडले.

“बरं झालं सायेब भेटले. एक इचारू का? मागच्या टायमाला माझा रिपोट चांगला आला हुता न्हवं?”

सारंगची नजर तिच्या डब्यावर गेली.

“वर्सानं या म्हनले हुते. मी आलेच न्हाई. काय दुखत नव्हतं, मग कशाला खाडा करायचा म्हनलं...” तिनं पदरानं तोंड पुसलं. “माझंच चुकलं, व्हय ना?”

सारंग मॅडमकडे बघू लागला.

“नाही हो, लंकाबाई,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं नाही चुकलं.”

बाईला ते पटलं नाही. स्पष्ट दिसत होतं. मला सारंगचा असा संताप आला की विचारू नका. चार वर्षांपूर्वी तेवढा बिघडलेला भाग काढून टाकला असता, तर बाई संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेली असती.

आम्ही परत आलो. सारंग खुर्चीत बसला नाही.

“असा रंग आणखी कुणाकुणाचा?” मॅडमनी विचारलं.

त्यानं मुकाट्यानं एक ट्रे पुढं केला. त्यात सहा-सात स्लाइड्स होत्या. सगळ्यांवर पट्ट्या.

मॅडमनी पहिल्या पट्टीच्या कोपऱ्यात नख घातलं. सारंगनं झटकन त्यांचा हात धरला. गुरूचा हात! धरल्यावर त्यालाच लाज वाटली, पण त्यानं सोडला नाही.

“मॅडम, नको... सगळ्यांनाच होईल असं नाही.”

“नाही होणार. मग?”

“आत्ता बोलावून उपचार केले, तर कुणालाच होणार नाही.” त्याचा आवाज फाटला. “मला कळतंय हो, मी आत्ताच बघून आलोय तिला... पण माझा अभ्यास तिथंच संपेल. माझं भाकीत खरं होतं, हे मग सिद्ध कसं होणार?”

मॅडमनी हात सोडवून घेतला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

“एकदा खरं ठरलंय ना, बाळा... पुरे झालं.”