सोमीच्या कड्यावर मराठी का बोलत नाहीत

इथेच थांबा. त्या खैराच्या पुढे सोमीचा कडा. तिथे फक्त आमची कातकरी बोली बोलतात. ज्याला ती येत नाही, त्याने वर गप्प राहायचे. म्हणून काय ते इथेच सांगतो.

आमचे वाडवडील या पठारावर खैर उकळून कात काढीत. जंगल खोताचे. हे आपसांत बोलतात म्हणजे मला शिव्या देतात, असे खोताला वाटे. देतही असतील, मी नाकारत नाही. तो म्हणाला, ही बोली पुन्हा ऐकली तर भट्ट्या मोडीन. तेव्हा आमच्या नाईकाने, चांग्याने, वाघदेवाची शपथ घेतली. पठारावर आमची बोली काढणार नाही. काढली तर सगळी वाडी वाघाच्या तोंडी. मोठी माणसे कामापुरती मराठी शिकली. पोरे खाली वाडीत. त्यांना कोण शिकवणार?

एका दुपारी चांग्याची सहा वर्षांची सोमी बापाला शोधत वर आली. धुके असे, की हातातला कोयता दिसत नव्हता, असे सांगतात. कड्याच्या बाजूने तिची हाक आली. खोत भट्टीजवळ बसलेला.

चांग्या मराठीत ओरडला, "थांब! पुढे कडा आहे!"

कड्यात आवाज घुमतो, कोणाचा ते कळत नाही. मराठी म्हणजे खोताची माणसे, एवढेच सोमीला ठाऊक. ती आवाजापासून लांब पळाली. बाप ओरडत राहिला, तशी ती आणखी लांब गेली. शेवटी खोतच उठला म्हणे. "अरे गाढवा, तुझ्या बोलीत सांग ना तिला!"

चांग्याने शपथ मोडली. धुक्यातून उत्तर आले नाही.

वाघ मात्र कधीच आला नाही.

तेव्हापासून कड्यावर आमचीच बोली. आजही तीस घरांची वाडी हे पाळते. पण पोरे आता घरीही मराठीच बोलतात. वर आली की मुकी होतात.

गेल्या श्रावणात माझी नात मंजी कड्यावर धुक्यात पुढे गेली. मी आमच्या बोलीत दोनदा ओरडलो. तिचे हसू ऐकू आले. पाऊल थांबले नाही. मग मी मराठीत ओरडलो. ती थांबली.

नियम मोडला म्हणून पंचांनी कोंबडे मागितले. दिले.

त्या दिवशी कड्यावरून खाली उतरताना पोरीने विचारले होते, "आजा, आधी काय ओरडत होतास?"