पहिल्या शिकारीचा घास

फार पूर्वी, उत्तरेकडच्या बर्फाळ रानात, अबेनाकी लोकांच्या एका गावात एक बाई राहत होती. अबेनाकी म्हणजे पहाटेच्या देशाची माणसं. सूर्य आधी आपल्या दारात येतो, याचा त्यांना कोण अभिमान! पण त्या हिवाळ्यात सूर्य येऊन तरी काय करणार? चुली थंड पडल्या होत्या, आणि गावाचा पक्का शिकारी, म्हणजे या बाईचा नवरा, पाय मोडून अंथरुणात होता.

मग बाईनेच धनुष्य उचललं. नणंदेला सोबत घेतलं, बर्फावर चालायच्या जाळीच्या चपला पायांत बांधल्या आणि निघाली.

आणि काय सांगावं, दुपारी मूस दिसला! घोड्याहून उंच, सांबराच्या जातीतलं जनावर. बर्फात तो पोटापर्यंत रुतत होता आणि या दोघी वरून धावत होत्या. बाईचा पहिला बाण झाडात घुसला. दुसरा हुकला. तिसरा बरोबर बसला.

बाईने त्याच्यापुढे गुडघे टेकले. "तू जीव दिलास, म्हणून आमचा वाचला," ती म्हणाली. मूस कापून होईतो नणंदेने शेकोटी पेटवून कलेजीचा तुकडा भाजलासुद्धा.

"घे वहिनी."

"मला नाही चालत. माझी पहिलीच शिकार आहे."

तशी रीतच होती. पहिली शिकार गावाची, मारणाऱ्याने तिचा घास घ्यायचा नाही.

"तुझ्या पोटात कालपासून काही नाही. वाटेत पडलीस तर? आणि इथे बघतंय कोण?"

त्या वासाने बाईचं डोकं गरगरत होतं. हात पुढे झालाही. मग तिने तो मागे घेतला. "चोरून खाल्लं, तर गावात वाटे घालताना माझी मान वर होणार नाही. तू खा आणि चल लवकर."

लाकडी घसरगाडीवर मांस लादून दोघी गावात शिरल्या आणि एकच गलका झाला. मोठी चूल पेटली. म्हातारेकोतारे, पोरंबाळं, सगळे जेवायला बसले. बाई मात्र नवऱ्याला भरवून स्वतः उपाशीच बसली.

गावातल्या एका खाष्ट आजीने ते पाहिलं. ती तरातरा घरी गेली आणि जमिनीत पुरलेलं मक्याचं मडकं घेऊन आली. "अडीअडचणीला ठेवलं होतं," ती खाली मान घालून म्हणाली.

ते बघून शेजारीण उठली, तिने धुरावर सुकवलेले मासे आणले. कुणी वाळवलेली बोरं आणली. बघता बघता ढीग लागला. सगळेच एकमेकांपासून लपवून बसले होते! आधी सगळे ओशाळले, मग जे हसू फुटलं ते थांबेना.

आजीने मक्याच्या कढणाचा पहिला घोट बाईला पाजला. "अगं, रीत घालून देणारे खुळे नव्हते," ती म्हणाली. "तू उपाशी बसलीस की आमची मडकी उघडणार, हे त्यांना ठाऊक होतं."

तात्पर्य: जो आपला घास गावाला देतो, त्याच्या भुकेची काळजी गाव करतं.