‘दादा’ शब्दावरचा दावा

“उद्या दुपारपर्यंत आमचा शब्द परत कर. नाहीतर तुझे गलबत सरकारजमा.”

खारगडच्या राजाने हा हुकूम दिला तो जुमा नावाच्या खलाशाला. जुमा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून स्वतःच्या गलबतात लवंगा भरून आला होता. लवंगा विकल्या आणि तो कासाराच्या दुकानात गेला. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, “दादाला बांगड्या पाहिजे. हिरव्या.”

कासार गार पडला. खारगडात दादा एकच, राजा यशोजीराव. सगळी प्रजा त्याला दादासाहेब म्हणे. त्याला बांगड्या भरायच्या म्हणजे त्याला भित्रा म्हणायचे. शिपायांनी जुमाला दुकानातच धरले.

दरबारात जुमाने सांगितले, “आमची बोली स्वाहिली. आमच्यात दादा म्हणजे बहीण. थोरली.”

दरबारचे पंडित नारोशास्त्री उठले. “सरकार, मग गुन्हे दोन झाले. शब्द आपला. यांच्या लोकांनी तो चोरला, आणि वर त्याची बाई केली.”

राजाला हे पटले. आपल्या बाजूचे असले की त्याला काहीही पटे. हुकूम सुटला.

जुमा धक्क्यावर येऊन बसला. आठ दिवसांत वारा त्याच्या मुलखाकडे फिरणार होता. गलबत गेले तर घरी जायची वाट गेली.

धक्क्यावर धुरपा उतारूंची होडी चालवत असे. खलाशांना गलबतावरून आणणे-नेणे तिच्याचकडे होते. सगळी हकीकत ऐकून ती म्हणाली, “उद्या मी येते तुझ्याबरोबर.”

“बाय, तू शास्त्र शिकली?”

“नाही. पण उतारू गाठोडी विसरतात आणि मग भांडत येतात. तेवढं मला पुरतं.”

दुसऱ्या दिवशी दोघे दरबारात उभे राहिले.

“शब्द आणला?” राजाने विचारले.

“आणलाय, सरकार. मी धुरपा, होडीवाली. माझ्या होडीचा एक नियम आहे. गाठोडं माझं म्हणणाऱ्यानं आत काय आहे ते आधी सांगायचं. मग मी गाठ सोडते.”

“सांगा, शास्त्री,” राजा म्हणाला.

शास्त्री म्हणाले, “दादा. पुरुष. वयाने वडील. घरचा कर्ता. मिशा असलेला.”

“जुमा, आता तू गाठ सोड,” धुरपा म्हणाली. “तुझा दादा कसा?”

“बाई आहे. लांब केस. लहानपणी मला मारायची.”

“मिशा?”

जुमाने थोडा विचार केला. “एकीला आहेत. थोड्या.”

“जुळत नाही, सरकार,” धुरपा म्हणाली. “हे गाठोडं तुमचं नाही.”

“चोर खूण बदलतोच,” शास्त्री म्हणाले. “शब्द मूळचा आमचा.”

“तुमच्यातलं कुणी त्यांच्या गावी शिकवायला गेलं होतं?”

“छे. समुद्र ओलांडून कोण जाईल?”

“त्यांच्यातलं कुणी तुमच्या घरी शिकायला आलं होतं?”

“माझ्या घरी? मुळीच नाही.”

“मग चोरी झाली कशी?”

“दोन मुलखांत एकच शब्द आपोआप कसा उगवेल, ते तू सांग.”

“खाडीच्या दोन्ही काठांना पायवाट आहे, शास्त्रीबुवा. अलीकडची आपल्या गावानं पाडली, पलीकडची त्या गावानं. कुणी कुणाची चोरली? पाण्याकडे उतरायला सोपी जागा दिसली, तिथून माणसं गेली. लेकराच्या जिभेलाही दा-दा सोपं. आपल्या लेकरानं भावाला हाक मारली, त्यांच्या लेकरानं बहिणीला.”

शास्त्री खाली बसले. राजा मात्र हटला नाही.

“बाई, तू म्हणतेस ते खरं असेल. पण माझा हुकूम सुटलाय, आणि मी तो मागे घेत नाही. आत काहीही असो, गाठोडं माझं.”

“मग घ्या, सरकार. पण गाठोडं फोडून देत नाही मी. वरचं फडकं तुमचं आणि आतलं सामान त्याचं, असं चालत नाही. दावा केला की सगळं उतरवून घ्यायचं. जुमा, तुला दादा किती?”

“चार.”

“चार थोरल्या बहिणी, सरकार. आजपासून त्या तुमच्या. त्यांचं माहेर खारगड. दिवाळीला चौघी येतील. पोरं किती रे त्यांना?”

“अकरा.”

“अकरा भाचरं. मामाच्या गावाला आली की लवकर जात नाहीत.”

राजाला सख्खी बहीण एकच होती. दर भाऊबीजेला ती यायची आणि महिनाभर राहायची. त्या महिन्यात मुदपाकखान्यात भाजी कोणती करायची हेसुद्धा राजाला ठरवता येत नसे.

राजाने हळूच विचारले, “चौघी?”

“चौघी.”

“भांडतात?”

“आपसात नाही,” जुमा म्हणाला. “भावाशी.”

राजाने शास्त्र्यांकडे पाहिले. शास्त्री छताकडे पाहत होते. मग राजाच्या खांद्यांना हिसका बसला, आणि तो असा हसला की चोपदाराच्या हातची काठी खाली पडली. सगळा दरबार हसला. सर्वांत शेवटी शास्त्री हसले.

“धुरपे, ऐक. गाठोडं मी नीट पाहिलं. माझं नाही. याचं गलबत सोडा.” डोळे पुसून त्याने विचारले, “तुला काय हवं?”

“धक्क्यावर छप्पर. उतारू उन्हात उभे राहतात.”

“छप्पर दिलं. सागवानी नवी होडीही दिली. आणि जुमा, घरी गेलास की तुझ्या चारी दादांना आमचा नमस्कार सांग.”

“सांगतो, सरकार. त्यांना एकदा घेऊन येऊ?”

“नको,” राजा म्हणाला. “नमस्कार लांबूनच बरा.”